खोटं गवत, खरं कारण : मासे पाणगवतात का जातात?
(इयत्ता पाचवी, परिसर अभ्यास : कृतीपाठ)



आजचा पाठ माझ्याच एका चुकीतून तयार झाला आहे, म्हणून आधी ती चूक सांगतो.

पहिल्या सत्रातल्या घटक चाचणीत मी दोन गुणांचा एक प्रश्न घातला होता : "मासे पाणवनस्पतींच्या जवळ जास्त का आढळतात?" मला अपेक्षित उत्तर होतं, "तिथे त्यांना अन्न व ऑक्सिजन मिळतो म्हणून." वर्गातल्या बहुतेकांनी तेच लिहिलं, कारण मी तेच सांगितलं होतं. एका मुलाने मात्र फक्त दोन शब्द लिहिले, "लपायला जातेत." मी लाल पेनाने फुली मारली आणि पुढचा पेपर घेतला.

हा मुलगा मासेमारी करणाऱ्या घरातला आहे. आमचं गाव पैठण तालुक्यात, नाथसागराच्या काठावर. त्याचे वडील आणि आजोबा पहाटे पाण्यावर जातात. कधी कधी तोही जाळी सोडवायला जातो आणि शाळेत उशिरा येतो. पेपर वाटले त्या दिवशी तो काही बोलला नाही. पण त्यानंतर वर्गात त्याने हात वर करणं बंद केलं. हे माझ्या लक्षात यायला महिना गेला, हे कबूल करायला हवं.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून विचारलं, "त्या प्रश्नाचं तू असं का लिहिलंस रे?"

तो म्हणाला, "सर, ऑक्सिजनसाठी जातेत तर मरळ कामून जाते? ती तर वर येऊन हवा घेते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मरळ हा मासा कल्ल्यांनी श्वास घेतोच, पण त्याशिवाय पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन थेट हवाही घेतो. त्यामुळे ऑक्सिजन कमी असलेल्या गढूळ पाण्यातही तो तग धरतो. तरीही मरळ सापडते ती गवताच्या आणि झुडपांच्या आडोशालाच. म्हणजे निव्वळ ऑक्सिजन हे कारण पुरत नाही. पाचवीतल्या मुलाने माझं उत्तर एका उदाहरणाने अडवलं होतं आणि मी त्याला फुली दिली होती.

ज्ञानरचनावादावर आपण प्रशिक्षणं घेतो, भिंतीवर तक्ते लावतो. पण मुलाने स्वतः रचलेलं ज्ञान पेपरात समोर आलं तर आपण ते ओळखतो का? या प्रश्नातून पुढचा पाठ तयार झाला.

आमचा परिसर : नाथसागर

बाहेरच्या वाचकांसाठी थोडी माहिती देतो. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. धरणाला २७ दरवाजे आहेत. मागे जो जलाशय पसरला आहे त्याला आपण नाथसागर म्हणतो. तो सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त २७ किलोमीटर रुंद आहे. १९८६ पासून हा भाग पक्षी अभयारण्य आहे.

नाथसागर पसरट आणि उथळ आहे. त्यामुळे पाण्याची पातळी थोडी उतरली तरी काठ खूप लांब सरकतो. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जमिनीवर काही ठिकाणी गाळपेर होते, बाकी जागी गवत, बेशरम आणि बाभळीची झुडपं माजतात. पावसाळ्यात पाणी चढलं की हे सगळं पाण्याखाली जातं. आमच्या मुलांना माहीत असतं, की नवं पाणी झुडपात शिरलं की बारके मासे तिथेच सापडतात. पुस्तकात 'जलीय परिसंस्था' म्हणून जे येतं, ते या मुलांच्या घरी रोजचं बोलणं असतं.

बर्फावरची मासेमारी आणि प्लास्टिकचं गवत

याच सुमारास माझ्या मावसभावाने मला फोनवर एक चित्रफीत पाठवली. तो नोकरीनिमित्त अमेरिकेतल्या मिनेसोटात राहतो. तळ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे राज्य आहे आणि हिवाळ्यात तिथली तळी गोठतात. लोक चक्क तळ्यावरून चालत जातात, गिरमिटासारख्या यंत्राने बर्फाला भोक पाडतात आणि स्टुलावर बसून त्या भोकातून गळ सोडतात. चालण्यासाठी निदान चार इंच जाडीचा चांगला, स्वच्छ बर्फ हवा असं तिथे सांगितलं जातं. त्याहून पातळ बर्फावर जायचं नाही.

चित्रफितीत एक माणूस गळ सोडायच्या आधी त्याच भोकातून हिरव्या पट्ट्यांचा एक झुबका खाली सोडत होता. खाली वजन आणि वर पाण्यात हलणाऱ्या पट्ट्या. भावाला विचारलं तर म्हणाला, "अरे, ते खोटं गवत आहे. मासे बोलवायला."

मी ही चित्रफीत वर्गात दाखवली. मुलांचा पहिला प्रश्न गवताचा नव्हताच. "सर, सगळं पाणी गोठलं तर मासे जिवंत कसे?"

या प्रश्नाचं उत्तर दहावीच्या विज्ञानात 'पाण्याचे असंगत आचरण' म्हणून येतं, पण पाचवीच्या मुलांनाही ते समजतं. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात आणि जड होत जातात. पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसपर्यंतच आकसतं. त्याखाली थंड झालं की ते उलट फुगायला लागतं, हलकं होतं. म्हणून ४ अंशांचं जड पाणी तळाशी राहतं, त्याहून थंड पाणी वर येतं आणि वरच गोठतं. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि गोधडीसारखा खालचं पाणी झाकून ठेवतो. त्या गोधडीखाली मासे संथपणे हिवाळा काढतात.

आता गवताकडे येऊ. थंडीत तळ्यातल्या बऱ्याच पाणवनस्पती मरतात, काही हिरव्या राहतात. बर्फ स्वच्छ असेल तर त्यातून उजेड खाली जातो आणि हिरवं गवत थोडा ऑक्सिजन तयार करत राहतं. पण बर्फावर भुसभुशीत हिमाचा जाड थर साचला की उजेड अडतो. गवत मरतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. कडक हिवाळ्यात काही उथळ तळ्यांत यामुळे मासे मरतातही. म्हणून तिथले जाणकार लोक हिरवं गवत कुठे उरलंय ते शोधून भोक पाडतात. जिथे गवत नाही तिथे काही जण खोटं गवत सोडतात.

इथे मी चित्रफीत थांबवली आणि वर्गाला विचारलं, "हे गवत प्लास्टिकचं आहे. ते ऑक्सिजन देईल का?"

"नाही!"

"खायला मिळेल का?"

"नाही!"

"मग मासे का येतील?"

वर्ग शांत. त्या मुलाने हात वर केला नाही, पण शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. शेजारी ओरडला, "लपायला, सर!"

प्रयोगामागचा विचार

शिक्षकमित्रहो, या पाठाचं मर्म इथे आहे. खऱ्या पाणगवतात तीन गोष्टी एकत्र असतात : अन्न, ऑक्सिजन आणि आडोसा. मासा गवतात गेला तर तो तिन्हींपैकी कशासाठी गेला हे नुसतं बघून कळत नाही. खोटं गवत यातल्या दोन गोष्टी काढून घेतं आणि फक्त आडोसा शिल्लक ठेवतं. तरीही मासा गेला तर निदान एवढं म्हणता येतं, की आडोसा हेही स्वतंत्र कारण आहे. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि बाकीच्या बाजूला ठेवायच्या ही विज्ञानाची पद्धत मुलांना इथे व्याख्या न सांगता कळते.

साहित्य

१. थर्माकोलचा मोठा आयताकृती खोका. मासळीबाजारात बर्फ घालून मासे येतात तो. खाली भोक असेल तर आतून-बाहेरून चिकटपट्टी लावावी. खोका साबण न वापरता धुऊन घ्यावा.
२. सहा गप्पी मासे. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य विभाग हे मासे हौदात सोडतो. जवळच्या आरोग्य उपकेंद्रात चौकशी करावी.
३. एक दिवस उघडं ठेवलेलं पाणी. गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकलेली असते. ताज्या पाण्यात मासे दगावतात.
४. हिरवी प्लास्टिकची दोरी, वीतभर लांबीचे पंधरा-वीस तुकडे.
५. तुकडे बांधायला लहान दगड.
६. घड्याळ, वही, खडू.

दोरी आधी बादलीत टाकून बघा. पाण्यावर तरंगते तीच घ्या. प्रत्येक तुकड्याचं एक टोक दगडाला बांधा आणि दुसरं टोक उसवून त्याचे धागे मोकळे करा. दगड तळाशी बसतो आणि धागे गवतासारखे वर उभे राहतात. नायलॉनची दोरी बुडते, तिचं गवत आडवं पडतं. आमचा पहिला प्रयत्न असाच फसला होता. दोरी नवी आणि धुतलेली असावी. पाण्यात बरेच दिवस राहिलेल्या दोरीवर शेवाळाचा थर येतो आणि मासे तो खातात. मग 'अन्न' हे कारण पुन्हा आत शिरतं.

कृती

खोक्याच्या कडेवर मधोमध खडूने खूण करा. एका अर्ध्या भागात खोटं गवत ठेवा, दुसरा अर्धा मोकळा. मासे मधोमध सोडा आणि अर्धा तास कोणी जवळ जाऊ नका. त्यांना नव्या जागेची सवय होऊ द्या.

मग दर मिनिटाला एक नोंद घ्या : सहापैकी किती मासे गवताच्या बाजूला आहेत? अशा दहा नोंदी झाल्या की गवत दुसऱ्या बाजूला हलवा, पुन्हा अर्धा तास थांबा आणि आणखी दहा नोंदी घ्या. बाजू का बदलायची हा प्रश्न मुलांनाच विचारा. आमच्या एका मुलीने लगेच सांगितलं, "खिडकीकडं उजेड आहे. नाहीतर मासे सावलीसाठी गेले असं व्हईल."

आता गणित. वीस नोंदी, प्रत्येक वेळी सहा मासे, म्हणजे एकूण १२०. माशांना दोन्ही बाजू सारख्याच वाटत असत्या तर गवताच्या बाजूची बेरीज साठच्या आसपास आली असती. आमच्या वर्गाची बेरीज साठच्या बरीच वर गेली. आकडा मुद्दाम सांगत नाही. तुमच्या वर्गाने तो स्वतः काढावा, माझ्या आकड्याशी जुळवू नये.

शेवटी एक गंमत. पुठ्ठ्याचा तुकडा खोक्यावरून हळूच फिरवा म्हणजे पक्ष्यासारखी सावली पडेल. मोकळ्या बाजूचे मासे क्षणात गवतात! वर्गात "आऽऽ" असा आवाज झाला. हे एकदोनदाच करा, माशांना उगाच त्रास नको.

मुलांच्या शंका

प्रयोग झाला, आता 'निष्कर्ष' लिहू असं मी म्हणालो. पण मुलं थांबायला तयार नव्हती.

पहिली शंका : "सर, एक मासा गेला की बाकीचे त्याच्या मागंच जातेत. मग सहा कशाला मोजायचे?" बरोबर आहे. गप्पी थव्याने फिरतात. सहा मासे म्हणजे सहा स्वतंत्र मतं नव्हेत. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही एकेक मासा वेगळा सोडून पाहिला. वेळ लागला, पण कल तोच राहिला.

दुसरी शंका त्याहून चांगली होती : "माशाला काय माहीत हे खोटं आहे? त्याला वाटलं असंल, गवत आहे म्हणजे खायला मिळंल." मी याचं पक्कं उत्तर देऊ शकलो नाही. मग आम्ही मोकळ्या बाजूला चिमूटभर खाद्य टाकलं. मासे बाहेर आले, खाल्लं, थोडं रेंगाळले आणि परत गवताकडे गेले. सावली फिरवली तेव्हा ते खाणं टाकून पळाले. म्हणजे पोट त्यांना बाहेर काढतं आणि भीती आत नेते. मुलांनी वहीत असं लिहिलं : "अन्न हे कारण नाही असं आपण सिद्ध केलं नाही. पण अन्न नसतानाही मासे आडोशाला जातात हे दिसलं." पाचवीच्या मुलांनी निष्कर्षाला अशी मर्यादा घालून घ्यावी, यापेक्षा मोठी अध्ययन निष्पत्ती मला तरी माहीत नाही.

तिसरी गोष्ट आपोआप घडली. एका मादीला पिल्लं झाली. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि मोठे गप्पी ही पिल्लं खातातसुद्धा. मुलांना हे कळल्यावर वर्गात चांगलाच गोंधळ झाला. पण पिल्लं खोट्या गवताच्या दाट भागात शिरून बसली होती आणि मोठ्यांना तिथे नीट शिरता येत नव्हतं. दोन-तीन आठवड्यांनी त्यातली काही मोठी होऊन बाहेर फिरायला लागली. 'लपायला' या शब्दाचा अर्थ तेव्हा सगळ्यांना कळला. माशाच्या पिल्लासाठी लपणं म्हणजे जगणं.

शिकारी कडेला उभा असतो

बर्फावरच्या त्या माणसाकडे परत जाऊ. तो गळ कुठे सोडतो? गवताच्या ऐन मध्यात नाही, कडेला. असं का, हे मी वर्गाला विचारलं. या वेळी त्या मुलाने स्वतः हात वर केला.

"बारके आत राहतेत. मोठा मासा आत घुसू शकत नाही, मग तो कडंला उभा राहतो. बारकं बाहेर निघालं की धरतो. माझे आजोबा जाळं कडंलाच लावतेत."

मिनेसोटातला माणूस आणि नाथसागरावरचे आजोबा एकाच ज्ञानावर मासे धरतात. एकाच्या डोक्यावर बर्फाची टोपी, दुसऱ्याच्या डोक्यावर ऊन. लहान मासे आडोशाला येतात, त्यांच्यामागे मोठे येतात आणि मोठ्यांच्या मागे माणूस.

गवत जितकं जास्त तितकं चांगलं का, हाही प्रश्न घ्यावा. उत्तर 'नाही' असं आहे. गवत अति दाट झालं की मोठ्या माशांना शिकार मिळत नाही. शिवाय हिरव्या वनस्पती दिवसा ऑक्सिजन देतात, पण रात्री आपल्यासारखाच तो वापरतात. त्यामुळे दाट गवताच्या पाण्यात पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. जलपर्णी तर पाण्यावर चटईसारखी पसरते, उजेड अडवते आणि कुजून पाणी घुसमटवते. म्हणजे आडोसा हवा, पण झाकण नको.

एकच युक्ती, दोन उपयोग

आडोसा तयार करून मासे गोळा करणं जगभर चालतं. मणिपूरच्या लोकटक तळ्यात तरंगत्या वनस्पतींचे थर आहेत, त्यांना फुमदी म्हणतात. तिथले मच्छीमार या फुमदीची गोल कडी करून त्यात मासे जमवत. या कड्यांना अथाफुम म्हणतात. कडी फार वाढली तेव्हा तळ्याच्या आरोग्याचा प्रश्न उभा राहिला. तळ्याच्या संरक्षणासाठी २००६ मध्ये कायदा झाला, पुढे कडी काढली गेली आणि त्यावर पोट असलेल्या कुटुंबांचाही प्रश्न तयार झाला. मुलांना मी ही गोष्ट सांगितली ती दोष कुणाचा हे ठरवायला नाही. एका माणसाची युक्ती चालते, तीच हजारांनी केली की पाण्याचं काय होतं, एवढं त्यांनी पाहावं म्हणून.

पण खोट्या गवताचा दुसरा उपयोगही आहे, तो मासे वाढवण्याचा. आपल्याकडे सायप्रिनस नावाचा मासा पाळतात. त्याची अंडी चिकट असतात. नैसर्गिकरीत्या ती पाणवनस्पतींना चिकटतात. मत्स्यबीज तयार करताना हौदात हायड्रिलासारख्या पाणवनस्पती सोडतात किंवा त्याऐवजी दोऱ्यांचे, धाग्यांचे झुबके टांगतात. मासा त्यावर अंडी घालतो. मग तो झुबका उचलून वेगळ्या हौदात ठेवला की अंडी सुरक्षित राहतात. कटला, रोहू आणि मृगळ यांची अंडी अशी चिकटत नाहीत. हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात, म्हणून त्यांना या झुबक्याचा उपयोग नाही.

गळाजवळचं गवत आणि हौदातलं गवत सारखंच. एक धरण्यासाठी आणि एक वाढवण्यासाठी. मी वर्गाला विचारलं, "मग खोटं गवत चांगलं की वाईट?" अर्धा वर्ग चांगलं म्हणाला, अर्धा वाईट. त्या मुलाच्या आजोबांना आम्ही एका शनिवारी शाळेत बोलावलं होतं. त्यांना हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "गवताचं काय नाय पोरांनो, जाळ्याचं डोळं बघा. बोटुकली निघून गेली पाहिजे. आज बोटुकली धरली तर पुढच्या साली काय धरणार?"

बोटुकली म्हणजे बोटाएवढा मासा. त्याच्याआधीची अवस्था म्हणजे जिरे, जिऱ्याएवढी. मत्स्यव्यवसायातले हे शब्द मुलांना फार आवडले. वर्गात आता उंचीने लहान मुलांना 'बोटुकली' म्हणतात. त्यावर मी अजून उपाय शोधतोय!

आणखी एक मुद्दा मुलांनीच काढला. प्लास्टिकचं गवत पाण्यात तसंच राहिलं तर? बर्फावर मासेमारी करणाऱ्याने आपलं गवत भोकातून परत वर काढून घेतलं पाहिजे. तुटलेलं जाळं किंवा दोरी पाण्यात राहिली तर मासे, कासवं आणि पाणपक्षी त्यात अडकतात. आमचा तर पक्षी अभयारण्याचा परिसर. म्हणून आमच्या प्रयोगातली दोरी मोजून आत टाकली आणि मोजूनच बाहेर काढली.

पेपर पुन्हा तपासला

पाठ संपला त्या दिवशी मी घटक चाचणीचा तो पेपर वर्गात घेऊन गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं, की मी चुकीची फुली मारली होती. फुली खोडली, दोन गुण दिले, बाजूला सही केली आणि गुणपत्रकातली बेरीज दुरुस्त केली.

तो थोडा वेळ पेपराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग बाकीच्याईचं पण बरोबर ना, सर? ते पण खरं आहे."

हो, तेही खरं आहे. अन्न, ऑक्सिजन, आडोसा, तिन्ही. पूर्ण उत्तर कुणाचंच नव्हतं, माझंही नव्हतं. पुढच्या चाचणीपासून मी अशा प्रश्नापुढे एक ओळ वाढवली आहे : "तुम्ही स्वतः पाहिलेलं एक उदाहरण लिहा." तपासायला वेळ जास्त लागतो. पण पेपर वाचताना मला गावाची नवी माहिती मिळते.

शिक्षकांसाठी सूचना

• गप्पी मासे प्रयोगानंतर नदीत, तळ्यात किंवा जलाशयात सोडू नयेत. ते मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे आहेत. जिथून आणले त्या हौदातच परत सोडावेत.
• खोका उन्हात ठेवू नये. मासे वरच्या वर तोंड काढून हवा घेऊ लागले तर प्रयोग थांबवून पाणी बदलावं.
• ज्या गावात तळं किंवा धरण नाही तिथे विहिरीचं, ओढ्याचं उदाहरण घ्या. मासे नसतील तर पाखरं घ्या. चिमण्या काटेरी झुडपात का बसतात, हा प्रश्न यालाच जोडून आहे.
• मासेमारी, मेंढपाळी, ऊसतोड, वीटभट्टी अशा घरांतल्या मुलांना त्या विषयाच्या पाठात आधी बोलू द्या, आपण नंतर बोलू.

पालकांसाठी

• मुलांना एकटं जलाशयाच्या काठावर पाठवू नका. पाणी उतरल्यावर वरून कोरडा दिसणारा गाळ आत ओला असतो, पाय रुततो. मासे बघायचे तर मोठ्या माणसासोबतच.
• तुमच्या कामातलं जे ज्ञान आहे ते मुलांना सांगा. शाळेच्या उत्तराशी ते जुळलं नाही तर मुलाला गप्प करू नका, शाळेत येऊन सांगा. आम्हालाही शिकायचं असतं.

वर्गात विचारण्यासाठी प्रश्न

१. तळं वरून गोठतं, तळापासून का गोठत नाही?
२. खोटं गवत माशाला काय देतं आणि काय देत नाही?
३. प्रयोगात गवताची बाजू का बदलली?
४. मोठा मासा गवताच्या कडेला का थांबतो?
५. दाट पाणगवत असलेल्या तळ्यात ऑक्सिजन पहाटे कमी का असतो?
६. जाळ्याचे डोळे लहान असतील तर पुढच्या वर्षी काय होईल?
७. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना माहीत असलेली, पण पुस्तकात नसलेली एक गोष्ट लिहा.

सातव्या प्रश्नाला गुण देताना फुली मारायची घाई करू नका, एवढीच विनंती. हा प्रयोग तुमच्या शाळेत केलात तर तुमच्या मुलांच्या शंका मला नक्की कळवा.